विद्यार्थ्यांची अध्ययनातील समरसता आणि प्रश्नावलीचे माप

महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यासंबंधी दोन गोष्टींची नोंद संस्थेच्या दप्तरी नियमितपणे होत असते. एक त्याची हजेरी आणि दुसरी परीक्षेतील त्याचे गुण. अनेक विद्यापीठांत परीक्षेस बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थितीची अट असल्यामुळे हजेरीपट काळजीपूर्वक ठेवला जातो. गुणपत्रिका तर जन्मभर जपली जाते. तथापि वर्गात बसलेला विद्यार्थी प्रत्यक्षात शिकत आहे काय, वाचलेल्या मजकुरावर तो विचार करतो काय, न समजलेला भाग शिक्षकांना अथवा सोबत्यांना विचारून समजून घेतो काय, आणि या सर्वांत त्याचे मन रमते काय, या प्रश्नांची उत्तरे हजेरीपटात मिळत नाहीत. गुणपत्रिकेत ती काही अंशी मिळतात; परंतु तोवर वर्ष संपलेले असते आणि जो विद्यार्थी मध्येच शिक्षण सोडून गेला त्याची गुणपत्रिका तयारच होत नाही.

हजेरी आणि गुण यांच्या दरम्यान जे घडते, किंवा घडत नाही, त्याचा वेळीच अंदाज यावा म्हणून गेल्या काही दशकांत प्रश्नावलीचा अवलंब होऊ लागला. विद्यार्थ्यालाच विचारून त्याच्या अध्ययनातील समरसतेचे माप घ्यावयाचे, ही त्यामागील कल्पना होय. कल्पना साधी आहे. पण माप बिनचूक येण्यासाठी बरीच दक्षता घ्यावी लागते. चुकीच्या मापावर घेतलेला निर्णय हा माप न घेता घेतलेल्या निर्णयापेक्षा अधिक घातक ठरू शकतो, कारण त्याच्या पाठीशी आकड्यांचे बळ असते.

समरसता म्हणजे काय

समरसता ही एकच एक गोष्ट नव्हे. फ्रेड्रिक्स, ब्लुमेनफेल्ड आणि पॅरिस या अमेरिकन संशोधकांनी २००४ साली शालेय शिक्षणासंबंधी केलेल्या विवेचनात तिचे तीन पैलू सांगितले असून ते पुढे महाविद्यालयीन शिक्षणासही लावले गेले. पहिला पैलू वर्तनाचा. वर्गात उपस्थित राहणे, नेमून दिलेले काम वेळेवर करणे, चर्चेत भाग घेणे या गोष्टी त्यात येतात. दुसरा पैलू भावनेचा. विषयाची गोडी, संस्थेबद्दलचा आपलेपणा, किंवा याउलट कंटाळा आणि परकेपणा यांचा त्यात समावेश होतो. तिसरा पैलू बुद्धीच्या व्यापाराचा. केवळ पाठांतर न करता अर्थ समजून घेणे, जुन्या ज्ञानाशी नव्याची सांगड घालणे, आपल्याला काय समजले नाही हे ओळखणे, हे त्याचे स्वरूप होय.

हे तिन्ही पैलू एकाच विद्यार्थ्याच्या ठायी सारख्या प्रमाणात असतातच असे नाही. रोज पहिल्या बाकावर बसणारा विद्यार्थी मनाने अन्यत्र असू शकतो. उलट, दूरच्या खेड्यातून दोन बस बदलून येणारी आणि शेवटची बस चुकू नये म्हणून तास संपताच निघणारी विद्यार्थिनी रात्री घरी दिव्याखाली बसून विषयाशी पूर्णपणे एकरूप होत असेल. तिला 'आपण ग्रंथालयात दर आठवड्यास किती तास बसता?' एवढेच विचारले, तर तिचे उत्तर 'शून्य' असे येईल आणि ती अभ्यासात उदासीन ठरेल. प्रश्न कोणता विचारला यावर माप किती अवलंबून असते, हे यावरून लक्षात येईल.

समरसता आणि समाधान यांतील भेदही ध्यानात ठेवावयास हवा. संस्थेने काय दिले याबद्दलचे विद्यार्थ्याचे मत समाधानाच्या पाहणीत विचारले जाते. स्वतः विद्यार्थी काय करतो हे समरसतेच्या पाहणीत विचारले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ साली स्थापन केलेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने २०१७ साली आपल्या मूल्यांकन पद्धतीत बदल केले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणी त्या पद्धतीत अंतर्भूत केली. त्यामुळे प्रश्नावली हा शब्द आता आपल्याकडील लहान महाविद्यालयांनाही परिचित झाला आहे. मात्र संतुष्ट विद्यार्थी हा अध्ययनात गढलेला असेलच असे नाही. सोपी परीक्षा आणि सैल शिस्त यांनीही समाधान लाभू शकते.

या मापनाची वाटचाल

मनुष्याच्या मताचे अंकांत रूपांतर करण्याची आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. एखादे विधान द्यावयाचे आणि त्याच्याशी उत्तर देणारा पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत की पूर्ण असहमत आहे, हे विचारून त्यास पाच ते एक असे अंक द्यावयाचे, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप आहे. अनेक विधानांच्या अंकांची बेरीज म्हणजे त्या व्यक्तीचा गुणांक.

विद्यार्थ्यांच्या अध्ययनासाठी या साधनाचा पद्धतशीर उपयोग अमेरिकेत झाला. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील रॉबर्ट पेस यांनी १९७९ साली महाविद्यालयीन अनुभवांची प्रश्नावली प्रचारात आणली. विद्यार्थ्याला मिळालेल्या सोयींइतकेच त्या सोयींचा लाभ घेण्यासाठी त्याने केलेल्या प्रयत्नांनाही महत्त्व आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८४ साली अलेक्झांडर ॲस्टिन यांनी विद्यार्थ्याच्या सहभागाचा सिद्धांत मांडला. १९८७ साली चिकरिंग आणि गॅमसन यांनी पदवी शिक्षणातील चांगल्या अध्यापनाची सात तत्त्वे सांगितली.

त्याच सुमारास अमेरिकेतील नियतकालिके महाविद्यालयांच्या क्रमवाऱ्या प्रसिद्ध करू लागली होती. त्यांत संस्थेचा लौकिक आणि साधनसंपत्ती यांना मोठे स्थान असे. विद्यार्थी तेथे काय करतात याची दखल क्वचितच घेतली जाई. या उणिवेवर उपाय म्हणून प्यू धर्मादाय न्यासाच्या साहाय्याने एक नवी पाहणी आखण्यात आली. तिची पूर्वचाचणी १९९९ साली झाली आणि २००० सालापासून इंडियाना विद्यापीठात जॉर्ज कूह यांच्या नेतृत्वाखाली ती राष्ट्रीय प्रमाणावर सुरू झाली. पहिल्या आणि अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तीत प्रश्न विचारले जातात. एखादी गोष्ट आपण किती वेळा केली याचे उत्तर कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, फार वेळा अशा चार पर्यायांतून निवडावयाचे असते. सात दिवसांच्या आठवड्यात अभ्यासास किती तास दिले हेही विचारले जाते. २०१३ साली या पाहणीची पुनर्रचना होऊन तिच्यात दहा निर्देशांक ठरविण्यात आले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे याच धर्तीवरील पाहणी २००७ साली सुरू झाली.

युरोपातील प्रयत्नांचा उगम निराळा आहे. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ विल्मार शाउफेली आणि त्यांचे सहकारी कामगारांच्या मानसिक थकव्याचा अभ्यास करीत होते. थकव्याच्या विरुद्ध टोकाची जी अवस्था, तिचे जोम, निष्ठा आणि तल्लीनता असे तीन घटक त्यांनी कल्पिले आणि त्यांची मापनश्रेणी तयार केली. विद्यार्थ्याचा अभ्यास हेही एक प्रकारे त्याचे कामच असल्यामुळे तीच श्रेणी किंचित बदलून त्यांनी विद्यार्थ्यांनाही लावली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात स्पेन, पोर्तुगाल व नेदरलँड्स या तीन देशांतील विद्यार्थ्यांची उत्तरे ताडून पाहण्यात आली. तीन घटकांची मूळ रचना सर्वत्र टिकली, परंतु त्यासाठी काही विधाने वगळावी लागली. शेजारच्या देशांतही एकाच विधानाचा अर्थ तंतोतंत सारखा घेतला जात नाही, हा त्यातील बोध महत्त्वाचा आहे.

विधाने कशी असावीत

चांगल्या प्रश्नावलीतील प्रत्येक विधान एकाच गोष्टीविषयी असते. 'ग्रंथालय व प्रयोगशाळा यांचा मी नियमित उपयोग करतो' हे विधान सदोष होय. कारण केवळ ग्रंथालयात जाणाऱ्याने कोणते उत्तर द्यावे हे त्याला कळत नाही. 'चांगला विद्यार्थी रोज अभ्यास करतो; आपण करता काय?' हा प्रश्न उत्तर सुचवितो, म्हणून तोही त्याज्य होय. 'मला अभ्यासाचा कंटाळा येत नाही' या विधानाशी असहमती दर्शविताना दोन नकार एकत्र येतात आणि घाईत असलेला विद्यार्थी नेमकी उलटी खूण करून मोकळा होतो.

'नेहमी', 'बऱ्याचदा' यांसारखे शब्द सैल असतात. एकाला आठवड्यातून दोनदा म्हणजे बऱ्याचदा वाटते, तर दुसऱ्याला ते क्वचित वाटते. म्हणून शक्य तेथे 'गेल्या सात दिवसांत किती वेळा' असे विचारणे श्रेयस्कर ठरते. वर्षभराच्या अभ्यासाचे तास कोणालाही नीट आठवत नाहीत. गेल्या आठवड्याचे पुष्कळसे आठवतात. अमेरिकन अभ्यासक स्टीफन पोर्टर यांनी २०११ साली अशा पाहण्यांवर जी कठोर टीका केली, तिचा एक प्रमुख मुद्दा हाच होता. विद्यार्थ्यांना आठवत नाही तेव्हा ते अंदाजाने उत्तर देतात आणि तो अंदाज त्यांच्या स्वतःविषयीच्या प्रतिमेवरून बांधलेला असतो, असे त्यांनी दाखवून दिले.

भाषेचा प्रश्न

बहुभाषिक प्रदेशात प्रश्नावलीची भाषा हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे. गोव्यातील अनेक मुले प्राथमिक शिक्षण मराठीतून अथवा कोंकणीतून घेतात आणि माध्यमिक शाळेपासून इंग्रजीकडे वळतात. बेळगावकडील मराठी विद्यार्थ्याच्या घरी मराठी, बाजारात कन्नड आणि महाविद्यालयात इंग्रजी असते. इंदूर व ग्वाल्हेर येथील मराठी कुटुंबांत हिंदीशी, वडोदऱ्यात गुजरातीशी, तर हैदराबादेत तेलुगू व उर्दूशी असाच नित्य संबंध येतो. अशा विद्यार्थ्यापुढे केवळ इंग्रजी प्रश्नावली ठेवली, तर त्याच्या समरसतेबरोबरच त्याच्या इंग्रजीचेही माप नकळत घेतले जाते, आणि दोहोंची सरमिसळ झाल्यावर ती वेगळी करता येत नाही.

परंतु शब्दाला शब्द ठेवून केलेले भाषांतरही कामाचे नाही. अभ्यासात वेळ भराभर निघून जातो, अशा आशयाचे विधान या श्रेण्यांत असते. इंग्रजीत वेळ 'उडतो'; मराठीत मात्र 'अभ्यासाला बसल्यावर वेळ कसा गेला ते कळत नाही' असेच म्हणावे लागेल. तसेच 'अभ्यास' हा शब्द मराठीत परीक्षेची तयारी, गृहपाठ आणि सखोल अध्ययन या तिन्ही अर्थांनी वापरला जातो. प्रश्नात कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे स्पष्ट केले पाहिजे. यासाठी उलट भाषांतराची पद्धत उपयुक्त ठरली आहे. एका जाणकाराने मराठीत आणलेला मजकूर मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा मूळ भाषेत करवून घ्यावयाचा आणि दोन्ही मजकूर ताडून पाहावयाचे, अशी ही पद्धत असून रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली तिची पद्धतशीर मांडणी केली.

भाषेमागे रीतिरिवाजही असतात. वर्गात उभे राहून शिक्षकांना प्रश्न विचारणे हे काही ठिकाणी जिज्ञासेचे लक्षण मानले जाते, तर काही घरांतून आलेल्या मुलांना तो उद्धटपणा वाटतो. अशी मुले तास संपल्यावर व्हऱ्हांड्यात सरांना गाठून शंका विचारतात. केवळ वर्गातील प्रश्नांची मोजणी करणाऱ्या प्रश्नावलीत त्यांची जिज्ञासा नोंदली जात नाही. म्हणूनच कोणतीही प्रश्नावली वापरण्यापूर्वी आठ-दहा विद्यार्थ्यांना ती समोर बसून भरावयास सांगावी आणि प्रत्येक विधानाचा त्यांनी काय अर्थ घेतला हे त्यांच्याच शब्दांत ऐकावे.

विश्वसनीयता आणि सप्रमाणता

मापाची विश्वसनीयता म्हणजे त्यातील सातत्य. तोच तराजू त्याच धान्याचे वजन दर वेळी सारखे दाखवीत असेल तर तो विश्वसनीय होय. प्रश्नावलीतील विधाने एकमेकांशी कितपत सुसंगत आहेत हे पाहण्यासाठी ली क्रॉनबॅक यांनी १९५१ साली मांडलेला अल्फा गुणक सर्रास वापरतात. तो ०.७० वा अधिक असल्यास माप सामान्यतः ग्राह्य समजले जाते. तथापि हा गुणक विधानांच्या संख्येबरोबर वाढतो, हे अनेकदा विसरले जाते. समजा, विधानांमधील परस्पर सहसंबंध सरासरी ०.३० आहे. अशी तीन विधाने असतील तर गुणक सुमारे ०.५६ येतो, नऊ असतील तर ०.७९ आणि अठरा असतील तर ०.८९ येतो. विधानांचा दर्जा तोच, केवळ संख्या वाढली. तरी आकडा मोठा दिसू लागतो. म्हणून मोठा अल्फा पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही.

सप्रमाणता ही याहून निराळी कसोटी आहे. जे मोजावयाचे तेच मोजले जात आहे काय, हा तिचा प्रश्न. दर वेळी पाव किलो जास्त दाखविणारा तराजू सातत्य राखतो, पण खरे वजन सांगत नाही. समरसतेच्या प्रश्नावलीत मिळालेले गुण आणि विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष अध्ययन यांचा मेळ बसतो काय हे पाहण्यासाठी कारिनी, कूह आणि क्लाइन यांनी अमेरिकेतील १४ महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. समरसता आणि अध्ययनाचे फलित यांचा संबंध आहे, परंतु तो बहुतेक ठिकाणी क्षीण आहे, असे त्यांना आढळले. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष खेड्यापाड्यांतील पालकांनी व शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. प्रवेशाच्या वेळी जे विद्यार्थी गुणांत मागे होते, त्यांना समरसतेचा लाभ इतरांपेक्षा अधिक झाला. ज्याच्या घरी पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, अशा विद्यार्थ्याला अध्ययनात रमविण्याचे प्रयत्न म्हणूनच अधिक मोलाचे ठरू शकतात.

उत्तर कोणी दिले आणि कोणी दिले नाही

उत्तरांची संख्या मोठी म्हणजे पाहणी खरी, असा एक समज आढळतो. १९३६ साली अमेरिकेतील लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या आणि वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून वर्तविलेला अंदाज साफ चुकला. पराभूत होणार असे ज्यांच्याविषयी सांगितले होते, ते रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. मतपत्रिका ज्यांच्याकडे गेल्या आणि ज्यांनी परत धाडल्या, ते मतदारांचे खरे प्रतिनिधी नव्हते.

महाविद्यालयातही हेच घडते. समजा, १,२०० विद्यार्थ्यांपैकी २४० जणांनी प्रश्नावली भरली आणि त्यांचा सरासरी गुणांक पाचांपैकी ४ आला. प्रश्नावली भरण्याचे कष्ट घेणारे विद्यार्थी हे बहुधा अभ्यासातही तत्पर असतात. उरलेल्या ९६० जणांचा खरा गुणांक ३ असेल, तर संपूर्ण महाविद्यालयाची सरासरी ३.२ होते. अहवालात मात्र ४ हाच आकडा छापला जातो. ज्यांच्यासाठी ही सारी धडपड करावयाची, ते उदासीन झालेले आणि शिक्षण सोडण्याच्या बेतात असलेले विद्यार्थीच पाहणीतून निसटतात. सर्वांकडे दुवा पाठवून उत्तरांची वाट पाहण्यापेक्षा पटावरून यदृच्छेने निवडलेल्या दोनशे जणांना प्रत्यक्ष गाठून, गैरहजर असणाऱ्यांच्या घरीही संपर्क साधून, माहिती मिळविणे अधिक हिताचे होय.

निष्कर्षांचा वापर

मापाचा उपयोग सुधारणेसाठी न होता बक्षीस वा शिक्षा देण्यासाठी होऊ लागला की ते माप बिघडू लागते. ब्रिटनमध्ये २००५ सालापासून अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या समाधानाची राष्ट्रीय पाहणी होत असे. तिचे निष्कर्ष अध्यापनाच्या दर्जानिश्चितीशी, आणि त्यामार्गे शुल्कवाढीशी जोडले जाणार असे दिसताच तेथील राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेने २०१७ साली पाहणीवर बहिष्कार पुकारला. किमान ५० टक्के उत्तरे न आल्यामुळे ऑक्सफर्ड व केंब्रिज यांसह काही विद्यापीठांचे निकाल त्या वर्षी जाहीर होऊ शकले नाहीत. आपल्याकडे बहिष्काराऐवजी दुसरा धोका संभवतो. 'संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे, चांगले लिहा' असा एक शब्द वर्गात उच्चारला गेला, तरी सर्व खुणा वरच्या रकान्यात पडतात. त्या प्रश्नावल्या कितीही नीट बांधून ठेवल्या, तरी त्यांत माहिती उरलेली नसते.

यासाठी काही पथ्ये पाळणे इष्ट आहे. प्रश्नावलीवर नाव वा हजेरी क्रमांक नसावा आणि ती शिकविणाऱ्या प्राध्यापकांच्या हाती न देता बंद पेटीत टाकण्याची व्यवस्था असावी. आठ-दहा विद्यार्थ्यांच्या लहान विभागात गाव, लिंग व प्रवर्ग यांवरूनही व्यक्ती ओळखू येते. म्हणून इतक्या लहान गटाचे निष्कर्ष वेगळे प्रसिद्ध करू नयेत. पाहणी परीक्षेच्या तोंडावर न घेता सत्राच्या मध्यास घ्यावी, म्हणजे त्याच विद्यार्थ्यांसाठी त्याच वर्षी काही करता येते. निष्कर्ष सूचनाफलकावर लावावेत आणि त्यांवरून कोणता बदल केला हेही सांगावे. भरलेल्या प्रश्नावलीचे पुढे काय झाले हे विद्यार्थ्यांना कळले नाही, तर दुसऱ्या वर्षी ते ती मनापासून भरीत नाहीत. तेच प्रश्न दरवर्षी विचारून आपल्याच संस्थेची मागील वर्षाशी तुलना करावी. एका महाविद्यालयाची दुसऱ्याशी तुलना करून क्रमवारी लावण्यास हे साधन समर्थ नाही.

आणि प्रश्नावली ही संभाषणाची जागा घेऊ शकत नाही. एखाद्या वर्गाचा गुणांक घसरला हे ती सांगते. का घसरला हे बहुधा सांगत नाही. बसचे वेळापत्रक बदलले, वसतिगृहाची खानावळ बंद पडली, शेतीच्या हंगामात मुलांना घरी थांबावे लागले, की विषय शिकविणारे प्राध्यापकच सहा महिने नव्हते, हे विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलल्यावाचून समजत नाही. यांपैकी कित्येक कारणे ग्रामपंचायत, परिवहन खाते वा संस्थेचे चालक यांच्या हातची असतात. विद्यार्थ्याच्या आळसाशी त्यांचा काही संबंध नसतो. आकड्याने दाखविलेल्या दिशेने जाऊन ती कारणे शोधणे आणि दूर करणे हे शिक्षक, अधिकारी व ग्रामस्थ या सर्वांचे काम आहे. ते झाले, तरच विद्यार्थ्यांनी प्रश्नावली भरण्यात घालविलेली पंधरा मिनिटे सार्थकी लागतील.